राजाची उडी

अप्पा,

आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी मी पोरांना बुद्धिबळ शिकवते. हे ऐकून तुम्ही आधी हसला असता, मग विचारलं असतं, किती पोरं येतात, बसतात का नीट. सोळा येतात. नीट एकही बसत न्हाई. हैदराबादच्या ह्या भागात आता प्रत्येक मोठ्या इमारतीखाली एक एसीची खोली असते, तिथं एका कोपऱ्यात नाचाचा क्लास, दुसऱ्या कोपऱ्यात चित्रकला, आणि मधे मी. मागच्या रविवारी एका पोराच्या आईनं मला धरलं. पोरांचा खेळ सुधारायला घरी काय काय करायचं ते कागदावर लिहून द्या, म्हणाली, आम्ही बोर्डावर लावू. दहा मुद्दे पुरेत. मी म्हटलं, त्यात काय एवढं, देते की. आज पोरं गेल्यावर चहा करून घेतला आणि बसले. एक लिहिला, दोन लिहिले, तीन लिहिले, चौथा खोडला, आणि मग वाचून बघितलं तर सगळे तुमचे. माझा म्हणावा असा एकसुद्धा न्हाई. आणि इथं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की मी पुस्तकं वाचून शिकले. तो कागद बाजूला सारला आणि हा घेतला. बिदरच्या त्या दिवसाची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. तुम्ही होता तोवर सांगितली न्हाई, आता तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाल्यावर सांगायला बसलेय. पण मी एकदम मुद्द्यावर येणारी बाई न्हवते आणि अजूनही न्हाई, तेव्हा आधी जरा इकडचं तिकडचं.

चिटगुप्प्याचा जनावरांचा दवाखाना दुपारनंतर ओस पडायचा. पाय धरलेले बैल, पोट फुगलेली वासरं, दूध चोरणाऱ्या म्हशी, सगळं बारापर्यंत उरकायचं. डॉक्टर मोटारसायकलवर खेड्याकडं निघून जायचे आणि मागं उरायचा कंपाउंडर, म्हणजे तुम्ही. शाळा सुटली की मी घरी न जाता दप्तरासकट तिकडंच. फिनेलचा वास, बाहेर जनावर अडकवायचा लोखंडी सांगाडा, आत भिंतीला टेकून तुम्ही. लसीच्या बाटल्यांची रबरी बुचं तुम्ही धुऊन वाळवून ठेवली होती. लाल बुचं माझी, राखाडी तुमची. घोड्याच्या बुचाला ब्लेडनं एक खाच, हत्तीला दोन, उंटाला एक तिरपी, आणि राजा-वजिरावर जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचे ठिपके. औषधाच्या लाकडी खोक्याच्या झाकणावर घरं आखली होती, तोच पट. डॉक्टर अचानक आले तर झाकण उलटं करून त्यावर दोन बाटल्या ठेवल्या की झालं. डॉक्टरांना सगळं माहीत होतं हे तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही प्रत्येक वेळी ते उलटं करायचा.

तुम्हाला खेळ शिकवला तो म्हाताऱ्या मुन्शींनी. निजामाच्या वेळी कुठल्याशा कचेरीत कारकून होते, नंतर नुसतेच म्हातारे. रोज दुपारी दोरीला धरून एक शेळी घेऊन यायचे. त्या शेळीला कधी काही झालेलं मी बघितलं न्हाई, पण दवाखान्यात यायला काहीतरी कारण पाहिजे ना. शेळी दाराशी बांधायची, ती बिचारी पुठ्ठे खात उभी राहायची, आणि हे दोन-दोन तास खोक्यासमोर. त्यांच्याकडून तुमच्याकडं आणि तुमच्याकडून माझ्याकडं जो खेळ आला तो जुना, देशी. प्यादं एकच घर चालणार. आणि राजाला सगळ्या डावात एकदा, त्याला अजून शह बसलेला नसला तर, घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येणार. मुन्शी म्हणायचे, "बादशाह कू एक बार भागने का हक है, कंपाउंडर साब." मला ती उडी फार आवडायची. समोरचा सगळी नाकेबंदी करून मिशीवर हात फिरवायला लागला की नेमका राजा टुणकन बाहेर. मी सातवीत असताना मुन्शी गेले. शेळी तुम्ही घरी आणली, आणि माय महिनाभर तुमच्याशी धड बोलली न्हाई.

आता तुमचे मुद्दे. पहिला म्हणजे हात. समोरच्यानं चाल केली की तुम्ही मला दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला लावायचा. आधी इचार, त्यानं ही चाल कामून केली. त्याला काय पाहिजेल हाय. मग तुझं बघ. बुजलेल्या म्हशीला हात लावायच्या आधी माणूस तिच्या कानाकडं बघतो, तसं. मांडीखालचे हात मुंग्या येऊन बधिर व्हायचे पण तुम्ही सोडायचा न्हाई. मी इथल्या पोरांनाही तसंच बसवते. एका आईनं मला विचारलं, ही कुठली पद्धत. मी म्हटलं, रशियन. माफ करा. दुसरा म्हणजे कमी मोहऱ्यांनी खेळायचं. तीन महिने तुम्ही मला पूर्ण पट मांडूच दिला न्हाई. एक राजा, दोन प्यादी तुझी, एक राजा, दोन प्यादी माझी, बस. मी रडायची. मला वजीर पाहिजे होता, घोडे पाहिजे होते. तुम्ही म्हणायचा, राजा आणि प्यादं कसं चालवायचं ते कळलं की बाकी गर्दी आपोआप कळते. तेव्हा पटलं न्हाई. पण तालुक्याला ज्या पोरी हरल्या त्या सगळ्या शेवटी-शेवटी हरल्या, पट रिकामा झाल्यावर काय करायचं हे कुणालाच ठाऊक न्हवतं.

तिसरा म्हणजे हरलेला डाव लिहून ठेवायचा. जिंकलेला न्हाई, हरलेला. औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यावर तुम्ही बारीक अक्षरात चाली लिहायचा, तुमच्याच एका पद्धतीनं, आणि जिथं चुकलं तिथं जांभळा ठिपका. दुसऱ्या दिवशी त्या ठिपक्यापासून डाव परत मांडायचा आणि तिथून तीन वेगळ्या वाटांनी खेळून बघायचं. रविवारच्या मराठी पेपरात कोडं यायचं, दोन चालींत मात करा. पेपर सोलापूरहून बसनं यायचा, आपल्या हातात पडायला सोमवार उजाडायचा. ते कोडं बुचं न मांडता सोडवायचं, नुसतं बघून, आणि मी पटाकडं हात नेला की तुमचा हात माझ्या मनगटावर. जिंकायला लागलीस की हळू हो, हेही तुमचंच. आपल्याला डाव आपल्याकडं झुकलाय असं वाटलं की पाणी पी, बाहेर जाऊन ये, शेळीकडं बघ, मग खेळ. आणि एकाच माणसाबरोबर खेळायचं न्हाई. म्हणून तुम्ही मला बाजारात घेऊन जायचा, शिंप्याच्या दुकानात, कापडवाल्याच्या ओट्यावर. बाजाराच्या दिवशी एवढ्या गड्यांच्या मधे एक परकर-पोलक्यातली पोरगी मांडीखाली हात घालून बसलेली, लोक थांबून बघायचे. आपल्या भावकीतल्या कुणीतरी तुम्हाला बोलून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "ती खेळायलीय. तुमी बघायलाव. तिचं काय चुकलं?" तो माणूस परत त्या वाटेला गेला न्हाई.

आणखी एक नियम होता. हरलं की दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर परत बसायचं. न बसलं तर तो हरलेला डाव अंगात राहतो, म्हणायचा. हा मी आज कागदावर लिहिला आणि खोडला. कारण हा एकच नियम तुम्ही स्वतः मोडलात, आणि तोही माझ्यापायी.

नववीत मी तालुक्यात पहिली आले. जिल्ह्याचे सामने बिदरला होते, एका शाळेत, दोन दिवस. मुलींच्या गटातल्या पहिल्या दोघींना राज्याच्या स्पर्धेला बंगळूरला नेणार होते. तुम्ही दोन दिवसांची रजा टाकलीत. तुम्ही रजा टाकल्याचं मला तेवढंच आठवतं. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलात. बसमध्ये मला खिडकीजवळ बसवलं. उतरताना म्हणालात, उपाशी डोक्यानं खेळू नको, भूक लागली की खिडकीकडं ये. पालकांना आत सोडत न्हवते. वऱ्हांड्याच्या बाजूला गजांची एक खिडकी होती, तिथं तुम्ही दोन दिवस उभे होता. चार डाव मी जिंकले. प्रत्येक डाव संपला की खिडकीशी यायची, तुम्ही गजातून केळ द्यायचा, आणि डावाबद्दल काहीच बोलायचा न्हाई. तुमचे कान मात्र लाल झालेले असायचे.

पाचव्या डावाला मला नुसती बरोबरी पुरली असती. समोर बिदरचीच एक पोरगी, दोन वेण्या, चष्मा, सारखी पेन्सिल चावणारी. माझे दोन मोहरे जास्त झाले होते. मला पाणी प्यायला उठायचं भान राहिलं न्हाई. तिचा वजीर माझ्या राजाच्या अंगावर आला, मागं घोडा. शह अजून न्हवता, पण पुढच्या चालीला काहीतरी होणार हे दिसत होतं. मी वर बघितलं. तुम्ही दोन्ही हातांनी गज धरून उभे होता. मी राजा उचलला आणि अडीच घरं उडवून प्याद्यांच्या आडोशाला नेऊन ठेवला. तुमच्या तोंडावर हसू आलं, तसं हसू मी त्याआधी बघितलं न्हवतं आणि त्यानंतर तर न्हाईच. समोरची पोरगी पटाकडं बघत राहिली. मग तिनं हात वर केला.

पंच आले. चांगले होते, आवाज चढवला न्हाई. राजा उचलून परत जागेवर ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाले, "मुट्टिदरे नडेसबेकु." हात लावलाय, आता राजाच चालवावा लागेल. राजाला जायला एकच घर मोकळं होतं. तेवढ्यात तुम्ही आत आलात. देवळात यावं तशा चपला दाराबाहेर काढून आलात. पंचांना तुम्ही मराठीत सांगायला लागलात, मग कन्नडमध्ये, की साहेब, ह्याला अजून एकदाबी शह बसला न्हाई, त्याची उडी बाकी हाय. बाजूच्या टेबलावरची पोरं हसली. पंचांनी तुम्हाला समजावून सांगितलं की असं पूर्वी खेळायचे, आता कुठंच खेळत न्हाईत, जगात एकच नियम आहेत. तुम्ही म्हणालात, "व्हय का." आणि तिथंच उभे राहिलात. मी राजा त्या एका घरात नेला. तिनं वजीर पुढं सरकवला. मात झाली, मी तिसरी आले आणि बंगळूर गेलं.

बसस्टँडवर आपण दगडी बाकड्यावर बसलो होतो. आजूबाजूला बरीच माणसं होती, तालुक्याचे दोघं-तिघं ओळखीचेही. मी तुम्हाला म्हणाले, "तुम्हाला येत न्हवतं तर कामून शिकवलं?" मोठ्यानं म्हणाले. लोक वळून बघायला लागले. बस लागली तेव्हा माझी पिशवी उचललीत आणि म्हणालात, "चुकलं माझं." मी पुढंही बोलत राहिले, की बाकीचे नियम मी पहिल्या दिवशी दुसऱ्यांचं बघून बघून शिकले, प्यादं दोन घरं चालतं हेही बघून कळलं, पण राजाचं मला कुणी सांगितलंच न्हवतं, तुम्ही सांगायला पाहिजे होतं. घरी आल्यावर तुम्ही मायला एवढंच सांगितलं की मीच पोरीचं नुकसान केलं. माय चुलीपुढं होती. ती म्हणाली, खेळच तो, त्यात काय नुकसान. तुम्ही जेवला न्हाईत.

पुढच्या शनिवारी मी दवाखान्यात गेले. राग ओसरला होता. मला वाटलं, आता हरल्यावर परत बसायचं. खोक्याचं झाकण उलटं होतं आणि त्यावर खरोखरच बाटल्या मांडलेल्या होत्या, डॉक्टर आलेले नसताना. मी म्हटलं, अप्पा, एक डाव. तुम्ही कापूस गुंडाळत होता. मान वर न करता म्हणालात, "न्हाई. माझ्यासंगं खेळून तुझा हात बिघडल. शाळेत खेळत जा." तुम्ही कापूस गुंडाळतच राहिलात. तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते बोलले न्हाई. ते काय, ते पुढं सांगते.

त्यानंतर आपण दोघं एका घरात तीन-चार वर्षं राहिलो आणि बोललोच न्हाई म्हटलं तरी चालेल. भांडण न्हवतं. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला न्हाईत, उलट फार जपून वागायचा, पाहुण्यांशी वागतात तसं. पण आपल्याला बोलायला दुसरं होतंच काय? तुमच्या-माझ्यात जे काही होतं ते त्या झाकणावर होतं. तुम्ही घोडा पुढं काढला की मला कळायचं तुमचा दिवस कसा गेला. तुम्ही हत्ती उगाच इकडचा तिकडं केलात की कळायचं डॉक्टर बोललेत. आता संध्याकाळी तुम्ही ओसरीवर, मी आत. तुम्ही विचारायचा, अभ्यास झाला का. मी म्हणायची, झाला. संपलं. मला फार एकटं वाटायचं अप्पा, आणि तुम्हालाही वाटत असणार, आणि आपण दोघं मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना बसून राहायचो.

मग पीयूसी, म्हणजे बारावी, झाली. तेव्हा आपल्याकडची सगळी पोरं कॉम्प्युटर शिकायला हैदराबादला निघाली होती. गावात प्रत्येक घरातून एक तरी गेलेला. पोरगी मात्र एकही न्हाई. मी जाते म्हटल्यावर मेहकरहून काका आले. ओसरीवर बसून तासभर बोलले. पोरगी एकटी हॉस्टेलात राहणार, लोक काय म्हणतील. आपण मेंढरांमागं फिरणारी माणसं, आपल्याला कशाला हे. भालकीकडचं एक स्थळ आहे, मुलगा शिक्षक. तुम्ही ऐकून घेत होता. मी आत मायशेजारी पीठ मळत होते, दार अर्धं उघडं होतं. काकांचं संपल्यावर तुम्ही म्हणालात, "दादा, माझ्यामुळं ती एकदा बिदरहून माघारी आली. आता माझ्यानं तिला माघारी बोलवणं होत न्हाई. जाऊ दे तिला." काका म्हणाले, त्याचा ह्याच्याशी काय संबंध. तुम्ही परत तेच म्हणालात, जाऊ दे तिला. मायनं माझ्याकडं बघितलं. मी पीठ मळत राहिले.

निघायच्या दिवशी ट्रंकेत, घड्या घातलेल्या कपड्यांखाली, तुम्ही प्लास्टिकच्या मोहऱ्यांचा नवा संच आणि गुंडाळायचा हिरवा पट ठेवला होता. बिदरहून आणला असणार. मला तो हॉस्टेलात सापडला. आत चिठ्ठी वगैरे काही न्हवतं, मी शोधली. एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा तुम्ही विचारलंत, पोचली का ट्रंक नीट. मी म्हटलं, पोचली.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी न कळवता आले आणि स्टँडवरून थेट दवाखान्याकडं गेले. तुम्ही एकटेच होता. झाकण मांडलेलं, बुचं मांडलेली, आणि तुम्ही दोन्ही बाजूंनी खेळत होता. मी दारातच थांबले. तुम्ही राखाडी राजा दोन घरं सरकवलात, हत्ती उचललात, तो कुठं ठेवायचा ते आठवेना. एका बाजूला ठेवून बघितलात, मग दुसऱ्या बाजूला, मग परत सगळं मागं घेतलंत. किल्लेकोट. नव्या नियमांत राजाला उडीच्या जागी हीच चाल. तुम्ही पन्नाशी उलटलेला माणूस किल्लेकोट शिकत होता, एकटा, कुणाला न विचारता. मला बघितल्यावर तुम्ही दचकलात आणि झाकणाकडं हात नेलात. मग थांबलात आणि विचारलंत, "राजा सरकला की हत्ती ह्या अंगाला येतो का त्या?" मी सांगितलं, राजाच्या पलीकडं, लागून. तुम्ही तसं ठेवलंत, मान हलवलीत. समोरचं स्टूल रिकामं होतं. तुम्ही बस म्हणाला न्हाईत आणि मी बसले न्हाई. माय वाट बघत असंल, तुम्ही म्हणालात, आणि बुचं डब्यात भरायला लागलात.

त्यानंतर दीड वर्षानं तुम्ही गेलात. खेड्यावर मेंढ्यांना लस टोचायला गेला होता, झाडाखाली पाणी प्यायला बसलात आणि उठलाच न्हाईत. मला ऑफिसात फोन आला. मी पोचले तेव्हा फार उशीर झाला होता, तुम्हाला नेलं होतं. मायनं मला जवळ घेतलं आणि मला रडू आलं न्हाई, ते पुढं इथं आल्यावर आलं, कुणी नसताना.

आता ती गोष्ट. आमच्या शाळेतले खेळाचे सर तुम्हाला आठवत असतील, उंच, शिट्टी गळ्यात. बिदरच्या सामन्यांच्या महिनाभर आधी त्यांनी मला बोलावून दोन पानांचा सायक्लोस्टाइल कागद दिला होता. कन्नडमध्ये सगळे नियम. प्यादं पहिल्यांदा दोन घरं, किल्लेकोट कसा करायचा, हात लावला की चालवायचं, आणि राजा फक्त एक घर, उडी कधीच न्हाई. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवून मला वाचून दाखवलं होतं आणि म्हणाले होते, तालुक्याला जुनं खपलं, बिदरला चालायचं न्हाई, वडिलांना दाखव. मी दाखवला न्हाई. भूगोलाच्या पुस्तकात ठेवला. तुमचं चुकतंय हे तुम्हाला सांगायचं माझ्यानं झालं न्हाई, हे एक कारण. आणि दुसरं, मला आपल्या खेळातली ती उडी सोडायची न्हवती. महिनाभर शाळेत मी सरांबरोबर नव्या नियमांनी खेळायची आणि संध्याकाळी तुमच्याबरोबर जुन्या. बिदरला पहिल्या चार डावांत माझं टेबल खिडकीपासून लांब होतं, तिथं मी दर वेळी किल्लेकोट केला होता. पाचव्याला टेबल खिडकीसमोर आलं आणि तो राहिला, मग वजीर अंगावर आला, मी वर बघितलं आणि तुम्ही खिडकीत होता. तुम्ही बघत असलात की माझा हात तुमच्या नियमानं चालायचा. चूक माझी, पूर्ण माझी. मला सगळं माहीत होतं. बसस्टँडवरही माहीत होतं. पण तेव्हा मला रडू येत होतं आणि समोर तुम्ही होता.

सरांची पुढच्या जूनमध्ये चिंचोळीकडं बदली झाली. कधीकधी मी मनाशी म्हणते, ते तुम्हाला बाजारात भेटले असतील, बोलता बोलता त्या कागदाचं निघालं असेल, आणि तुम्ही माझं झाकून ठेवलं असेल. तसं वाटलं की बरं वाटतं. पण ते खरं न्हाई. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्याच संध्याकाळी माझ्यासमोर पट मांडला असता. तुम्हाला कळलं न्हाई. आपणच पोरीचं बंगळूर घालवलं असं समजत तुम्ही त्या झाडाखाली बसलात.

आणि कापूस गुंडाळताना मी बोलले न्हाई, त्याला लहान होते असं म्हणता येईल. किल्लेकोट शिकत होता तेव्हा बोलले न्हाई, त्याला धीर झाला न्हाई म्हणता येईल. पण काका ओसरीवर बसले होते तेव्हा मी अठरा वर्षांची होते. मला स्वच्छ कळत होतं की तुम्ही मला का जाऊ देताय. दार उघडून नुसतं म्हणायचं होतं, अप्पा, तुमचं काही चुकलं न्हवतं. तुम्ही सुटला असता. आणि काकांना न्हाई म्हणायला तुमच्याजवळ काही उरलं नसतं, आणि मी भालकीला गेले असते. इथली नोकरी, हे घर, ही सोळा पोरं, सगळं तुमच्या त्या चुकीवर उभं आहे, जी तुम्ही केलीच न्हवती.

हा कागद पाठवणार कुठं? मायला वाचून दाखवावा असंही मनात आलं, पण ती विचारेल, मग तीच वेळ परत आली तर काय करशील. ह्याचं उत्तर पोरं गेल्यापासून शोधतेय. तीच संध्याकाळ परत आली, काका बोलून थांबलेत, माय माझ्याकडं बघायलीय, हात पिठात आहेत आणि तुम्ही म्हणताय जाऊ दे तिला. तर मी बाहेर येऊन खरं सांगेन का? सांगेन असं लिहायला घेतलं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मी न्हाई सांगणार, अप्पा. मी तेव्हाही गप्पच बसेन.